जमनाबायचं बेल्जम

एका बाईला मी चाळीसेक माणसांसमोर खोटं ठरवलं. ती खरं बोलत होती आणि ते मला माहीत होतं. कुणाकडून ऐकून नव्हे, डोळ्यांनी बघून. तिचा पासपोर्ट सहा आठवडे आधी माझ्या हातात होता. त्यातलं एकेक पान मी उलटून पाहिलं होतं. तरीही वेळ आली तेव्हा मी म्हणालो की ती कधी परदेशी गेलेली नाही.

हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढं मी तिच्याबद्दल आपुलकीनं लिहिणार आहे आणि ते वाचून मी भला माणूस आहे असं कुणाला वाटायला नको.

तिचं नाव जमना. सगळे जमनाबाय म्हणायचे. जव्हारहून शिरपामाळकडं जाताना डाव्या हाताला तिचं खाण्याचं दुकान होतं. कुडाच्या भिंती, वर पत्रे, समोर सारवलेलं अंगण. आत सात खुर्च्या. एकही दुसरीसारखी नाही. एक जुन्या शाळेतली, एक न्हाव्याच्या दुकानातली, दोन कुठल्याशा लग्नाच्या मांडववाल्यानं टाकून दिलेल्या. चुलीवर दोन लोखंडी साचे. लांब दांड्याचे, बिजागरीचे, आतून चौकोनी खाचा असलेले. त्यात नाचणीचं आणि तांदळाचं घट्ट पीठ ओतायचं, साचा मिटायचा, निखाऱ्यावर एक बाजू भाजली की दांडा धरून उलटा करायचा. बाहेर पडायची ती जाड, जाळीदार, बाहेरून कुरकुरीत आणि आत मऊ अशी चौकोनी चीज. तिला ती वाफल म्हणायची. आता शहरात गल्लोगल्ली वाफलची दुकानं झाली आहेत, पण जमनाबाय ती करायला लागली तेव्हा जव्हारात हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता.

पीठ फुगवायला ती ताडी घालायची. पिठात गुळाचे बारीक खडे टाकायची, ते साच्याच्या लोखंडाला लागून वितळायचे आणि वाफलवर तपकिरी काचेसारखा थर धरायचा. तिकडं बेल्जियममध्ये साखरेचे मोत्याएवढे दाणे घालतात, ते इथं मिळत नाहीत, म्हणून गूळ. गुळाची वाफल तिकडच्यापेक्षा चांगली लागते का, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, नाय. तिकडची तिकडची, ही माझी. दोन्ही चांगल्या असू शकतात, तुझ्या कागदात तेवढं बसत नसेल.

ती सगळ्यांना 'तू' म्हणायची. आमच्या वावर-वांगणीकडच्या पाड्यांवरच्या बोलीत 'तुम्ही' फारसं नसतंच. पण बाकीचे लोक कचेरीच्या पायऱ्या चढताना ते कुठूनतरी गोळा करून आणतात. जमनाबायनं कधी आणलं नाही. तिचं बोलणं म्हणजे पाड्यावरची बोली, त्यात मुंबईची हिंदी आणि कुठंतरी मध्येच एखादा गुजराती शब्द. त्या बोलीत ती तलाठ्यालाही तू म्हणायची आणि त्याच्या साहेबालाही.

तिच्या दुकानात दोन नियम होते. पहिला, बांधून मिळणार नाही. वाफल कागदात गुंडाळली की घाम येऊन मऊ पडते. एकदा एका मोठ्या कार्यालयाचा शिपाई साहेबांसाठी सहा वाफल बांधून न्यायला आला. तिनं त्याला बसवून एक खाऊ घातली आणि सांगितलं की साहेबाला सांग, तुझे पाय शाबूत हायत ना, ये. शिपाई घाबरत परत गेला. तिसऱ्या दिवशी साहेब खरोखर आले, न्हाव्याच्या खुर्चीत बसून दोन वाफल खाल्ल्या आणि पैसे देऊन गेले. नंतर दर महिन्याला यायचे.

दुसरा नियम, खाणारा खुर्चीवर बसलाच पाहिजे. हा नियम कुणासाठी होता ते आमच्या भागात राहिल्याशिवाय कळणार नाही. पाड्यांवरच्या बाया दवाखान्याला किंवा बाजाराला जव्हारला येतात. हॉटेलात चहा घेतला तर बाहेर पायरीशी, जमिनीवर बसून घेतात. बाक रिकामा असला तरी. त्यांना कुणी उठवत नाही आणि कुणी बसाही म्हणत नाही. माझी आई अशीच बसायची. मी सरकारी नोकरीत लागलो, बचत गटांचं काम माझ्याकडं आलं, माझ्या टेबलासमोर दोन खुर्च्या आल्या, आणि तरी माझ्याकडं येणाऱ्या बाया दाराजवळ भिंतीला टेकून जमिनीवर बसत. मी वीस वर्षं त्यांना तसंच बसू दिलं. जमनाबायच्या दारात कुणी उकिडवी बसली की चूल सोडून ती बाहेर यायची.

"ऊठ. खुर्च्या काय मी उन्हात वाळवायला ठेवल्यात?"

बाई संकोचानं खुर्चीच्या कडेवर टेकायची. जमनाबाय तिच्यासमोर ताटली ठेवायची आणि म्हणायची, पोट भरायचं तर घरी जा, इथं आलीस तर खा.

तिच्या बोलण्यात हा फरक नेहमी असायचा, पोट भरणं वेगळं आणि खाणं वेगळं. तो ती बेल्जममध्ये शिकली होती.

मुंबईत ती एका गुजराती जैन घरात कामाला होती. हिऱ्यांचा व्यापार करणारं कुटुंब. त्यांचा एक मुलगा बेल्जियममध्ये अँटवर्प नावाच्या शहरात राहायला गेला तेव्हा त्याच्या बायकोनं, म्हणजे जमनाबायच्या भाभीनं, हिला बरोबर नेलं. नऊ वर्षं. घरात कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, अंडं तर नाहीच. सुकटीवर वाढलेली ही बाई सांगायची, नऊ वर्षं मी कांदा चिरला नाय, माझे डोळे रडायचं विसरले.

रविवारी घरचे सगळे देरासरला, म्हणजे जैन मंदिरात, जायचे आणि संध्याकाळपर्यंत परतायचे नाहीत. तेवढी दुपार तिची होती. लिहिता-वाचता येत नाही, भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. ती ट्रामच्या रुळांच्या कडेनं चालत सुटायची. हरवले तर रूळ धरून परत यायचं, एवढाच तिचा हिशेब. आणि ती शोधायची त्या खाण्याच्या जागा. देऊळ नाही, बाग नाही, दुकानांच्या झगमगत्या काचा नाहीत. खाणं.

"भाभीच्या घरात बटाटा येत नव्हता, म्हणून मी बटाट्याचं दुकान आधी हुडकलं."

ते दुकान ट्रामच्या वळणावर होतं. कागदाच्या शंकूत तळलेल्या बटाट्याच्या फोडी, वर पांढरं आंबट काहीतरी. ती उभ्यानं खायची आणि घरी जायच्या आधी मूठभर बडीशेप चावायची. मग एका हातगाडीवर तिला जांभळ्या रंगाची, माणसाच्या नाकासारखी टोकदार गोळी सापडली. बाहेरून कडक, आत पाक. मग हाताच्या पंजाच्या आकाराची बिस्किटं विकणारं एक दुकान. त्या पंजाची गोष्ट तिला कुणीतरी हातवाऱ्यांनी सांगितली होती आणि ती जव्हारात बाजार-वसुलीवाल्याला रंगवून सांगायची: नदीकाठी एक राक्षस होता, येणाऱ्या-जाणाऱ्या होडीवाल्याकडून नाक्यासारखी वसुली करायचा, नाही दिली तर हात तोडायचा. एका गड्यानं त्याचाच हात तोडून नदीत फेकला. गोष्ट संपली की वसुलीवाल्यापुढं नाचणीच्या बिस्किटाचा पंजा ठेवायची. घे, खा. तो बिचारा हसत हसत खायचा, पण तिच्याशी कधी चढ्या आवाजात बोलला नाही.

वाफलचं दुकान तिला चौथ्या की पाचव्या महिन्यात सापडलं. एका अरुंद गल्लीत, चर्चच्या मागं. आत एक म्हातारी काळ्या साच्यावर वाफल भाजत होती. जमनाबाय बाहेर काचेला लागून उभी राहिली. आत गेली नाही. तीन रविवार ती तशीच उभी राहिली. आपल्या पाड्याच्या बाया पायरीशी बसतात तशीच, हे तिनं स्वतःच मला सांगितलं. चौथ्या रविवारी म्हातारी बाहेर आली, हिच्या दंडाला धरलं, आत नेलं आणि खुर्ची ओढून बसवलं. समोर ताटली ठेवली, काटा-सुरी ठेवली. जमनाबायनं वाफलची भाकरीसारखी घडी केली आणि हातानं खाल्ली. शेजारच्या टेबलावरचा कोट घातलेला एक माणूस हसला. म्हातारी त्याला काहीतरी बोलली आणि तो खाली बघून खायला लागला.

मी विचारलं, काय बोलली?

"मला काय ठाऊक. पण आवाज ओळखते ना मी. झाडायचा आवाज सगळीकडं सारखाच असतो."

म्हातारीनं पैसे घेतले का, असंही मी विचारलं होतं. मला वाटलं होतं, माया केली असेल, फुकट दिली असेल. ती म्हणाली, घेतले की. फुकट दिली असती तर मी परत गेले नसते. सहा दिवस मी दुसऱ्याची भांडी घासायची आणि रविवारी मी गिऱ्हाईक असायची. गिऱ्हाईक होणं म्हणजे काय ते तुला नाय कळायचं, तू जन्मभर टेबलाच्या आतल्या बाजूला बसलास.

ती पुढं दर रविवारी तिथं जायला लागली. बघता बघता मदत करू लागली, पीठ फेटू लागली. दोघींत एक शब्द सामाईक नव्हता. परत यायची वेळ आली तेव्हा म्हातारीनं एक जुना साचा तिला दिला. तो एवढा जड होता की विमानतळावर सामानाचं वजन जास्त झालं. तिनं तिथल्या तिथं पेटी उघडली, स्वेटर काढले, भाभीनं दिलेल्या दोन साड्या काढल्या, बाकावर ठेवल्या आणि साचा घेऊन विमानात बसली. मुंबईला उतरल्यावर तपासणीवाल्यानं विचारलं, ये क्या है? ती म्हणाली, रोटी का तवा है, दो तरफ वाला. दुसरा साचा तिनं जव्हारच्या एका वेल्डिंगवाल्याकडून पहिल्यावरून करून घेतला. त्याची जाळी थोडी वाकडी आहे.

दुकानाच्या आतल्या भिंतीवर तिनं गेरूवर तांदळाच्या पिठानं चित्र काढलं होतं. शिरपामाळला येणारे पर्यटक चित्र बघून हरखून जायचे. फोटो काढायचे. हे तुमच्या लग्नातलं पारंपरिक चित्र ना, असं विचारायचे. ती सांगायची, नाय, ही ट्राम हाय. हे चर्च, ही गल्ली, ही म्हातारी, हे बटाट्याचं दुकान, आणि ही इथं काचेबाहेर उभी हाय ती मी. काही पर्यटक हिरमुसायचे. एका बाईंनी तर विचारलं होतं की असलं कशाला काढता, तुमचं स्वतःचं काहीतरी काढा ना. जमनाबाय शांतपणे म्हणाली, हे माझंच हाय. रस्ते मी चाललेय.

आता माझ्या चुकीकडं येतो.

शिरपामाळजवळ पर्यटकांसाठी एक उपाहारगृह बांधून तयार होतं आणि ते एखाद्या महिला बचत गटाला चालवायला द्यायचं ठरत होतं. जमनाबाय एका गटात होती. गटाची अध्यक्ष सुमनताई, मोखाड्याकडची अंगणवाडी सेविका. उपाहारगृह मिळालं तर पक्की जागा, पाणी, वीस-पंचवीस खुर्च्या. जमनाबायच्या मनानं ते फार घेतलं होतं. तिच्या खोपटात सात माणसं बसत, आठवं आलं की तिला त्याला थांबवावं लागे, आणि थांबलेला माणूस जमिनीवर बसे. त्याचं तिला दुःख होतं.

अर्ज भरायला ती माझ्याकडं आली. स्वयंपाकाचा अनुभव काय, असा एक रकाना होता. तिनं सगळं सांगितलं. मी म्हणालो, पुरावा काय? तिनं कमरेच्या कापडी पिशवीतून पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. मी तो पाहिला. शिक्के पाहिले, तिचा तरुणपणीचा फोटो पाहिला, नऊ वर्षांच्या येण्या-जाण्याच्या तारखा पाहिल्या. मला तिचा हेवा वाटला, हेही लिहून ठेवतो. मी नाशिकच्या पुढं फारसा गेलेलो नाही.

पासपोर्ट परत देऊन मी अर्जात लिहिलं: 'नाचणीची जाळीभाकर, पारंपरिक आदिवासी पदार्थ, आजीकडून शिकलेला.'

आमच्या कामात याला लबाडी म्हणत नाहीत. योजना पारंपरिक पदार्थांसाठी होती आणि आम्ही माणसाला योजनेत बसवतो. समोरच्या बाईला वाचता येत नाही, ती अंगठा देते, आपण तिच्या भल्याचं लिहितो. वीस वर्षं मी असे अर्ज भरले. कुणाच्या दोन म्हशी लिहिल्या, कुणाची जमीन कमी केली. वाचून मात्र कधी कुणाला दाखवलं नाही. जमनाबायलाही नाही. तिनं विचारलं, लिहिलंस ना सगळं? मी म्हणालो, लिहिलं.

निवडीआधी जव्हारला गटांच्या पदार्थांचं प्रदर्शन भरलं. वरचे साहेब बघायला आले होते, गटांच्या बाया होत्या, एक-दोन बातमीदार होते. साहेब जमनाबायच्या टेबलापाशी थांबले. वाफल खाल्ली, त्यांना आवडली. कौतुकानं म्हणाले, हा तुमच्या आजीच्या वेळचा पदार्थ, नाही का?

"नाय रे साहेब. माझ्या आजीनं हा साचा बघितला असता तर पळाली असती. हे बेल्जमचं. मी तिथं शिकले."

बाया हसल्या. साहेबांनी हातातला कागद वर धरून वाचला, जाळीभाकर, पारंपरिक, आजीकडून. हे कुणी लिहिलंय, असं विचारलं.

"मी नाय लिहिलं. मला लिहिता येत नाय."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या क्षणी एवढंच म्हणायचं होतं की साहेब, लिहिण्यात माझी चूक झाली. फार तर बोलणी खावी लागली असती. मी म्हणालो, "साहेब, बाई मुंबईत घरकामाला होती. तिथं काहीबाही ऐकलं असेल. बेल्जियमला वगैरे गेलेली नाही. बोलायची सवय आहे तिला."

साहेब समजूतदारपणे हसले आणि पुढच्या टेबलावरच्या रानभाज्यांकडं गेले.

सुमनताई पुढं आली. ती वाईट बाई नाही. ती म्हणाली, "बाय, खरंच गेली असशील तर कागद असेल ना तुझ्याकडं. दाखव आणि मोकळी हो."

कागद तिच्या कमरेच्या पिशवीत होता. अस्सल कागदपत्रं बरोबर आणा असं मीच सगळ्यांना बजावलं होतं. ती पिशवीवर हात ठेवेल, पासपोर्ट काढेल आणि माझी नोकरी जाईल असं मला वाटलं. तिनं पिशवीवर हात ठेवला खरा.

"पासपोर्ट विमानतळावर दाखवतात," ती म्हणाली. "माझ्या गावात मी कुठं गेले, कुठं आले, ते कागद काढून सांगू? नाय दाखवत."

माझ्याकडं तिनं पाहिलंही नाही. साच्यातली वाफल जळायला आली होती, ती तिनं उलटली.

नाही दाखवला म्हणजे नाहीच, असा अर्थ सगळ्यांनी काढला. माझ्यासारख्या शिकलेल्या, सरकारी माणसानं सांगितल्यावर दुसरा अर्थ कशाला काढतील? उपाहारगृह त्या गटाला मिळालं, पण पुढच्या बैठकीत गटानं जमनाबायचं नाव कमी केलं. खोटं बोलणारी बाई पर्यटकांसमोर नको, असं ठरलं. मी त्या बैठकीला हजर होतो. कार्यवृत्तावर माझी सही आहे. प्रदर्शनाच्या अहवालातही मी एक ओळ लिहिली होती, सदर महिलेचा परदेशातील अनुभवाचा दावा निराधार आहे. तोंडानं बोललेलं खोटं कागदावर टेकवून ठेवल्याशिवाय माझ्यासारख्याला चैन पडत नाही.

मग ती चेष्टेचा विषय झाली. मोखाड्याच्या स्टँडवरचे जीपवाले ती दिसली की हाळी द्यायचे, खोडाळा, जव्हार, बेल्जम, एक सीट बाकी. ती सरळ जाऊन पुढच्या सीटवर बसायची आणि म्हणायची, चाल बेल्जमला, रस्ता मी सांगते, तुला काय ठाऊक. जीपमधले हसायचे, पण आता तिच्याबरोबर हसायचे.

दुसरी कुणी असती तर खोपट बंद करून वांगणीला आपल्या पाड्यावर निघून गेली असती. जमनाबायनं उलट केलं. मोखाड्याच्या आठवडी बाजाराला जायला लागली. जीपच्या टपावर चार खुर्च्या, एक साचा, पिठाचा डबा. बाजाराच्या कडेला एका झाडाखाली तीन दगडांची चूल मांडून बसायची आणि मोठ्यानं सांगायची, बेल्जमची वाफल, बेल्जमची. कुणी खवचटपणे विचारलं, खरंच बेल्जमची का, तर म्हणायची, खाऊन बघ आणि मग खोटं बोल. पहिले काही बाजार लोक लांबून बघत. मग नाचणी विकायला आलेल्या बाया येऊन बसायला लागल्या. भर बाजारात चार बाया खुर्च्यांवर बसून ताटलीत खात आहेत आणि माणसं त्यांना वळसा घालून जात आहेत, हे दृश्य मोखाड्यानं आधी पाहिलं नसेल.

मी माफी मागायला गेलो ते सात-आठ महिन्यांनी, तिच्या जव्हारच्या खोपटात. मुद्दाम दुपारी, जेव्हा कुणी नसतं. एक वाफल खाल्ली आणि म्हणालो, जमनाबाय, त्या दिवशी माझं चुकलं.

ती चुलीतलं लाकूड सरकवत होती. आत फुंकर मारली. मग म्हणाली, "हे माझ्या कानात कशाला सांगतोस? मी गेले होते ते मला ठाऊक हाय. ज्यांच्या कानात घातलंस त्यांच्या कानातून काढ."

मी म्हणालो, नोकरीचा प्रश्न आहे. ती म्हणाली, मग नोकरी कर. आणि माझ्या ताटलीत तिनं दुसरी वाफल ठेवली. मी म्हणालो, नको. ती म्हणाली, खा. राग माझा तुझ्यावर हाय, वाफलचा नाय.

त्यानंतर दोन वर्षं मी काहीच केलं नाही. कारणं देता येतील. घरातली लग्नं, वरिष्ठांची मर्जी, वय. मी ती देत नाही. मी बाजाराच्या दिवशी मोखाड्याला असलो की त्या झाडाकडचा रस्ता टाळायचो, इतकंच सांगतो.

मग माझी बदली झाली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. माझ्या जागी आलेल्या मॅडमना मी कागद समजावून देत होतो. त्या हुशार आहेत, प्रत्येक कागद वाचतात. त्यांनी एक अर्ज पुढं केला. मोखाड्याच्या बाजारात नवे ओटे बांधले होते, वर पत्र्याची सावली. त्यातल्या एका ओट्यासाठी जमनाबायनं अर्ज केला होता. खाली कुणीतरी माझ्या जुन्या अहवालाचा हवाला देऊन लिहिलं होतं, अर्जदार विश्वासार्ह नाही, विचार करू नये.

मॅडम म्हणाल्या, "सर, ही बाई फसवणूक करते का?"

मी नाही म्हणालो. त्यांनी विचारलं, मग अहवालात हे कुणी लिहिलं? मी म्हणालो, मी. त्यांच्यासमोर कोरा कागद घेऊन मी सगळं लिहून दिलं. पासपोर्ट मी पाहिला होता, अर्जातला मजकूर माझा होता, अहवालातली ओळ खोटी होती. सही केली. मॅडमनी तो कागद वाचला आणि अर्जाला टाचला. त्यांनी समोरच्या खुर्चीकडं हात केला नसता तर मी उभाच राहिलो असतो.

पण कागद मोखाड्याच्या बाया वाचणार नव्हत्या.

तो मोखाड्याच्या बाजाराचाच दिवस होता, मी जीप धरून तिकडं गेलो. सुमनताई आणि गटाच्या बऱ्याच बाया बाजाराला आलेल्या होत्या. मी सुमनताईला गाठलं आणि म्हणालो, ताई, सगळ्यांना घेऊन जरा जमनाबायच्या झाडापाशी चला. तिला वाटलं माझा निरोप समारंभ आहे. बाया हसत, एकमेकींना ढकलत आल्या. बाजारातली आणखी माणसं काय चाललंय म्हणून उभी राहिली. जीपवालेही आले.

जमनाबाय साच्याला तेल लावत होती. गेल्या दोन वर्षांत केस बरेच पांढरे झाले होते. चारी खुर्च्यांवर बाया बसलेल्या होत्या. त्या मला बघून उठायला लागल्या, तर तिनं नुसता हात खाली केला आणि त्या परत बसल्या. ती मला 'ये'ही म्हणाली नाही, 'जा'ही म्हणाली नाही. पीठ ओतलं, साचा मिटला, निखाऱ्यावर ठेवला. तिला मी शेवटचं पाहिलं ते असं, डोळे साच्यावर आणि कान माझ्याकडं.

मी हळू आवाजात बोलायला लागलो की त्या दिवशी जव्हारला मी साहेबांना जे सांगितलं ते बरोबर नव्हतं.

"मोठ्यानं," जमनाबाय म्हणाली. मान वर केली नाही. "मागच्यांना ऐकू जात नाय. तेव्हा जात होतं."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, मागं उभ्या असलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"जमनाबाय बेल्जियमला नऊ वर्षं होती. तिचा पासपोर्ट मी या हातांनी पाहिला होता. तिच्या अर्जात खोटं मी लिहिलं. माझ्यावर येऊ नये म्हणून तुम्हा सगळ्यांसमोर तिला खोटी पाडली. ती तेव्हाही खरं बोलत होती, आणि खोटारडा मी होतो. जमनाबाय, मला माफ कर."